मागच्या लेबलाचा मजकूर

पुण्याच्या आयातदाराचा निरोप:
बाटलीच्या पाठीवरचा मजकूर मराठीत हवा,
शब्दाला दीड रुपया, शनिवारच्या आत.
वाण मालबेक. प्रांत मेंडोझा. देश अर्जेंटिना.
मी बडोद्यात, दांडिया बाजारात, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे बाटली म्हटलं की माणसं आवाज खाली आणतात.
चव मला ठाऊक नाही,
हे मी त्यांना कळवलं नाही.

भूगोल सोपा गेला.
अँडीजच्या पायथ्याचं वाळवंट, समुद्रापासून हजार मीटर वर,
बर्फाचं पाणी पाटांतून वेलींच्या मुळाशी येतं.
दिवसा ऊन चटके देतं, रात्री थंडी.
गारा पडतात म्हणून मळ्यावर जाळी पांघरतात,
लग्नघरात बुंदीच्या परातीवर टाकतात तशी.
वाण मुळात फ्रान्सचा. तिकडे त्याला काळी वाइन म्हणत.
घर सोडलं, आणि परक्या मातीत बाळसं धरलं.

हे वाक्य लिहिताना हात थांबला.
पणजोबा साताऱ्याहून आले ते कारकुनीला.
आमची मराठी अजून
गुजराती भाजीची पिशवी हातात घेऊनच चालते.

अडलं ते एका शब्दापाशी. फुल बॉडीड.
'अंगानं भरलेली' लिहिलं, खोडलं:
ती कुणाची तरी वहिनी झाली.
'दणकट' सायकल असते. 'दाट' वरण.
'वजनदार' म्हणजे पुढारी.
शब्दकोशातून 'पूर्णदेही' उचलला
तर ती डोळे मिटून समाधीलाच बसली.

शेजारी बिडकरकाका. त्यांच्याकडे परमिट आहे,
डॉक्टरनं लिहून दिलेलं, झोप येत नाही म्हणून.
विचारलं, काका, रेड वाइन जिभेला कशी लागते?
त्यांनी आधी दार लोटलं.
"एकदाच घेतलीये, दमणला, मेहुण्याच्या साठीला.
गार चहात कुणी दौत सांडावी, तशी.
पण गिळल्यावर गेली नाही, पोरी. बसून राहिली.
तुझी काकू नवीन होती तेव्हा माहेरचं पत्र वाचून
बसून राहायची बघ, तशी."
आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

बसून राहते. लिहून घेतलं.

सूरसागरच्या काठी जांभळं आली होती,
द्रोणात, वर मीठ भुरभुरून.
एकेक खात पाळीवर उभी राहिले.
आधी गोड. मग आंबट. आणि सगळ्यात मागून ते,
गालांची आतली कातडी ओढून धरणारं,
जीभ खरखरीत करणारं,
काताचं, हिरड्याचं, कच्च्या केळ्याच्या चिकाचं.
तुरट!
सहा रसांतला एक रस आपण त्याच्या नावे केलाय,
आणि इंग्रजीवाल्यांनी तिथे चार ओळी खर्चल्या होत्या,
चामडं, चॉकलेट, ओली माती.

शुक्रवारी रात्री पाठवलं:
'भरदार, गर्द जांभळी.
आधी गोड भासते,
मग तुरट होऊन गालांत बसून राहते.'
सकाळी उत्तर: छान जमलंय. फक्त तुरट काढा,
गिऱ्हाईक बिचकतं. रेशमी घाला.
रेशमी घातलं.
दीड रुपयाच्या जागी दीड रुपया.

भरदार तेवढा राहिला.
आता तो पुण्यात, कोल्हापुरात
फळीवर उभा राहील, बाटलीला पाठ टेकून.
कधी घरी यावंसं वाटलंच त्याला
तर भिलाडच्या नाक्यावर
ट्रकमधून उतरवून घेतील.

जिना उतरताना खालच्या शाहभाईंनी विचारलं,
शुं खाधुं, बेन? जीभ तर बघा.
मी तोंड मिटलं,
आणि मानेनंच सांगितलं, काही नाही.